विमानाला किती वेळ लागेल, हे घरबसल्या काढा

भुसावळ रेल्वेचं गाव. मुंबई ४४४ किलोमीटर हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. मी तिकीट बुकिंग करते, त्यामुळे "ताई, इमानले कितला टाइम लागी?" हा प्रश्न रोजचाच. विचारणारा मनात रेल्वेचेच किलोमीटर धरून बसलेला असतो. विमानाचं अंतर वेगळं काढावं लागतं, पण ते अवघड नाही.

मोबाइलच्या नकाशात विमानतळावर बोट दाबून ठेवा, अक्षांश-रेखांश दिसतात. जळगाव विमानतळ साधारण २०.९६ आणि ७५.६३, मुंबई १९.०९ आणि ७२.८७. अक्षांशांतला फरक १.८७, एका अंशाचे १११ किलोमीटर, म्हणजे २०८. रेखांशांतला फरक २.७६. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, म्हणून आपल्या पट्ट्यात एका रेखांशाचे १०४.५ किलोमीटरच धरायचे, झाले २८८. आता दहावीतला पायथागोरस: दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर सुमारे ३५५ किलोमीटर. लांबच्या प्रवासाला ही रीत चालत नाही. तिथे पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. मुंबई–न्यूयॉर्कचा दोरा युरोपच्या उत्तरेकडून जातो. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे कळतच नाही.

वेळ काढताना आधी विमान कोणतं ते विचारा. लहान मार्गांवर पंख्याचं एटीआर असेल तर ताशी ५०० किलोमीटर धरा, जेट असेल तर ८००. वर अर्धा तास घाला, कारण धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं हे सगळं कमी वेगात होतं. एटीआरने ३५५ किलोमीटरला ४३ मिनिटं, अधिक अर्धा तास: सव्वा तास.

पश्चिमेकडे लांब जायचं असेल तर वारा विसरू नका. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यामुळे लंडनला जाताना येण्यापेक्षा बहुधा तासभर जास्त लागतो.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. रावेर-यावलकडचे केळीवाले बागायतदार दुबईला निघाले की मी हे कागदावर लिहूनच देते. मुंबईहून १० ला सुटून दुबईत ११.४५ ला पोचणार, असं छापलेलं असेल तर प्रवास पावणेदोन तासांचा नाही. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणून सव्वातीन तास. १,९०० किलोमीटरच्या वर अंतर आहे. जेटच्या हिशेबाने तीन तास येतात, म्हणजे मेळ बसला.

मुंबईला जाणाऱ्यांनी जमिनीवरचा वेळही मांडावा. भुसावळहून जळगावचा विमानतळ गाठणं, सुटण्याआधी दीड-दोन तास तिथे असणं, मुंबईत सामान घेऊन पुन्हा गाडी. फोर्टात सकाळी काम असेल तर मी स्वतः रात्रीची रेल्वेच सुचवते; झोपून जाता येतं आणि उतरता थेट सीएसएमटीला. पुढे परदेशी विमान पकडायचं असेल तर जळगावहून उडण्यात खरा फायदा आहे. मात्र दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मुंबईत सामान घेऊन पुन्हा जमा करावं लागतं, तेव्हा मधे किमान चार-पाच तास ठेवा.