हिरागाना शिकताना आपली वर्णमाला आठवा
हिरागाना या जपानी लिपीची ४६ अक्षरं सुटी सुटी पाठ करत बसू नका. का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा हा त्यांचा क्रम ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्खूंच्या संस्कृत अभ्यासाची ती छाप आहे. स्वर मात्र पाचच. अक्षराच्या उजव्या खांद्यावर दोन बारीक रेघा दिल्या की 'का'चा 'गा', 'ता'चा 'दा'. 'हा'चा मात्र 'बा' होतो, आणि रेघांऐवजी छोटं वर्तुळ दिलं तर 'पा'!

काताकाना या दुसऱ्या जपानी लिपीतले 'शि' आणि 'त्सु' हमखास फसवतात. 'शि'ची लांब रेघ खालून वर जाते, 'त्सु'ची वरून खाली. त्यामुळे नुसतं बघून भागत नाही, गिरवावंच लागतं. अक्षरांवर देवनागरी उच्चार मात्र लिहू नका. मग डोळे फक्त देवनागरीच वाचतात.