महाविद्यालयाच्या आवारातील कचरा आवारातच कसा जिरवावा

ग्रामीण विदर्भातील अनेक महाविद्यालये गावाबाहेर शेतशिवारात उभी आहेत. तेथवर घंटागाडी पोहोचत नाही आणि मग मैदानाच्या कोपऱ्यात कचरा पेटवला जातो. वास्तविक ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठे आवार असलेल्या संस्थेने कचरा जागीच वेगळा करावा आणि कुजणारा भाग शक्यतो आवारातच जिरवावा, असे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच सांगितले होते. हे क्षेत्र जेमतेम सव्वा एकर भरते, आणि आपल्याकडील बहुतेक आवारे त्याहून मोठीच असतात.

कचरापेट्या विकत घेण्याआधी आठ दिवस कचरा तोलावा. वसतिगृहाची मेस, उपाहारगृह, कार्यालय, प्रयोगशाळा आणि झाडांखालचा पाला यांचे वजन साध्या ताणकाट्यावर वेगवेगळे घेऊन वहीत लिहावे. सागाची व कडुनिंबाची झाडे असलेल्या आवारात माघ-फाल्गुनात पाल्याचे आकडे पाहून आपण थक्क होतो, आणि नेमका हाच पाला सर्वाधिक जाळला जातो.

या पाल्यासाठी नाडेप टाक्याइतका, म्हणजे पाला कुजवून खत करण्याच्या विटांच्या टाक्याइतका, सोयीचा उपाय मला दुसरा दिसत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ही पद्धत विकसित केली आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ती ओळखली जाते. टाके आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असावे आणि हवा खेळण्यासाठी भिंतीत विटांच्या मध्ये छिद्रे सोडावीत. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला तडे पाडते; म्हणून मुरुमाचा पक्का थर देऊन उंचवट्यावरच बांधकाम करावे.

टाके रोज थोडे थोडे भरायचे नसते. आधी पाला, वाळके गवत, शेजारच्या शेतातील कुटार (भुसा) व बारीक तोडलेली पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) साठवावी आणि एक-दोन दिवसांत टाके पूर्ण भरावे. प्रथम तळ व भिंती शेणकाल्याने, म्हणजे शेण कालवलेल्या पाण्याने, भिजवाव्यात. त्यानंतर सुमारे सहा इंच, म्हणजे शंभरेक किलो, पाला पसरावा, त्यावर १२५ ते १५० लिटर पाण्यात कालवलेले चार किलो शेण शिंपडावे आणि त्यावर ५० ते ६० किलो चाळलेली माती टाकावी. असे अकरा-बारा थर देत टाक्याच्या काठाच्या दीड फूट वर, झोपडीच्या छपरासारखा उतार देऊन भर घालावी आणि वरून तीन इंच मातीचा थर देऊन तो शेणकाल्याने लिंपावा. पंधरा-वीस दिवसांनी भर खाली बसते, तेव्हा त्याच क्रमाने पुन्हा थर देऊन टाके लिंपून घ्यावे. सागाची पाने मात्र सपाट चिकटून बसतात व पाणी खाली उतरू देत नाहीत, म्हणून ती आधी ट्रॅक्टरखाली तुडवून घ्यावीत.

आमच्या पहिल्या टाक्याच्या वेळी परीक्षा सुरू झाल्या आणि मे महिन्यात तिकडे कोणी फिरकले नाही. लिंपण भेगाळले, ओल उडून गेली आणि जूनमध्ये टाके उघडले तेव्हा आत पाने जशीच्या तशी, नुसती करपलेली निघाली. टाके भरणाऱ्या मुलांचे उतरलेले चेहरे मला आजही आठवतात. तेव्हापासून उन्हाळ्यात दर चार दिवसांनी छिद्रांतून पाणी शिंपडण्याचे व भेगा लिंपण्याचे काम आम्ही एका ठरावीक कर्मचाऱ्याकडे, त्याच्या कामाच्या वेळेतच, सोपवतो.

मेसचे खरकटे रोज निघते, त्यामुळे ते या टाक्यात घालू नये. त्यासाठी सावलीत दोन खड्डे करून बादलीभर खरकट्यावर दोन बादल्या कोरडा पाला टाकावा, म्हणजे वास व माश्या येत नाहीत. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करावा. भाजीची देठे-साले ताजी असतानाच गावातील गोपालकाला द्यावीत.

सुका कचरा कोरडा राहिला तरच भंगारवाला तो घेतो. पुठ्ठा, रद्दी, बाटल्या व लोखंड यांसाठी पत्र्याचे छत असलेली एक खोली पुरते. जुन्या उत्तरपत्रिका मात्र फाडून बारीक केल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नयेत. चहाचे कागदी कप आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असल्याने नीट कुजत नाहीत आणि भंगारातही सहसा जात नाहीत. त्याऐवजी काचेचे ग्लास आणि तर्री-पोह्यासाठी स्टीलच्या बश्या आणल्या, तर हा कचरा मुळातच निर्माण होत नाही.

एलईडी नसलेल्या जुन्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, म्हणून त्या न फोडता पेटीत ठेवाव्यात. जुने संगणक व बॅटऱ्या केवळ अधिकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे सोपवाव्यात आणि प्रयोगशाळेतील रसायने मोरीत ओतू नयेत. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, त्यावर लाल खूण करून झाकणाच्या वेगळ्या डब्यात टाकावेत, कारण खूण नसलेली पुडी अखेर सफाई करणाऱ्या मावशींच्याच हाताने उघडली जाते.

नाडेप खताला ९० ते १२० दिवस लागतात. फाल्गुनाच्या सुरुवातीला टाके भरले तर मृगाच्या सुमारास काळे, मातीच्या वासाचे खत हाती येते. ते चाळून, चाळणीवर उरलेला अर्धवट कुजलेला भाग पुढील टाक्यासाठी बाजूला ठेवावा आणि चाळलेले खत त्याच पावसात लावायच्या रोपांच्या खड्ड्यांत घालावे.