हलक्या तंबूसाठी तळाचे कापड कसे निवडावे

पाठीवर वाहून नेण्याचा हलका तंबू घेताना किंवा शिवताना छताच्या कापडाची जितकी चौकशी होते तितकी तळाची होत नाही. वास्तविक अधिक कठीण काम तळालाच करावे लागते. छतावरचे पाणी उतारावरून वाहून जाते, तळाचे कापड मात्र ओली जमीन आणि आपले वजन यांच्यामध्ये रात्रभर दाबले जाते. म्हणून निवड करताना आधी या दाबाचा विचार करावा आणि मग ग्रॅम मोजावेत.

कापडाची पाणीरोधकता मिलिमीटरमध्ये सांगतात. पाणी झिरपू लागण्यापूर्वी ते कापड किती उंचीच्या पाण्याचा भार पेलते, याचे हे माप आहे. ६० किलो वजनाचा माणूस गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही गुडघे मिळून सुमारे १०० चौरस सेंटीमीटर जागेवर टेकले, तर तेथील दाब ६,००० मिलिमीटर पाण्याइतका भरतो. झोपल्यावर वजन पसरत असल्यामुळे तो कितीतरी कमी होतो. त्यामुळे छताला १,२०० मिलिमीटर पुरत असले, तरी तळासाठी ३,००० च्या खाली जाऊ नये आणि गुडघे नेहमी झोपायच्या मॅटवरच टेकावेत.

यानंतर जमीन पाहावी. सह्याद्रीत पावसाळा सरल्यावर पठारांवर वाळलेल्या गवताची ताठ बुडखे, कुडासाठी तोडलेल्या कारवीचे तिरके खुंट आणि बसाल्टच्या धारदार कपच्या असतात. येथे पाण्यापेक्षा टोचण्याचा धोका मोठा असतो, त्यामुळे धाग्याच्या जाडीकडे, म्हणजे डिनियरकडे लक्ष द्यावे. माझ्या मते अशा जमिनीसाठी ३० ते ४० डिनियरचे नायलॉन सर्वांत भरवशाचे आहे. ओले झाल्यावर नायलॉन सैल पडते हे खरे, पण तो दोष ताणून बांधलेल्या छतात जितका जाणवतो तितका तळात जाणवत नाही. उलट, खड्याच्या टोकावर ते थोडे ताणले जाते आणि लगेच फाटत नाही.

डायनीमाचे, म्हणजे अतिशय मजबूत प्लास्टिक तंतूंचे, पातळ संमिश्र कापड चौरस मीटरला सुमारे ३४ ग्रॅम भरते व पाणी मुळीच शोषत नाही. मात्र ते ताणले जात नसल्यामुळे त्याला बारीक छिद्रे पडतात आणि ते महागही आहे. खिडक्यांवर लावायची पॉलिक्रायो फिल्म स्वस्त आणि जेमतेम २० ग्रॅमची असते, पण कडेला एकदा चीर गेली की ती पुढे धावते. घरबांधणीत वापरले जाणारे टायव्हेक सुमारे ६० ग्रॅमचे व चिवट असते; त्याचा कडकड आवाज थंड पाण्यात धुतल्यावर बराच कमी होतो.

लेपही तितकाच महत्त्वाचा आहे. सिलिकॉनचा लेप टिकाऊ असतो, पण त्यावर शिवणीची नेहमीची टेप चिकटत नाही आणि मॅटही घसरते. आतून सिलिकॉन सीलंटचे ठिपके दिल्यास घसरणे थांबते. पॉलियुरेथेनच्या लेपावर टेप बसते. मात्र कोकणासारख्या दमट हवेत तंबू ओलसर गुंडाळून ठेवला, तर तो लेप कालांतराने चिकट होऊन सुटू लागतो. त्यामुळे बाहेरून सिलिकॉन आणि आतून पॉलियुरेथेन असलेले कापड मिळाल्यास त्याला प्राधान्य द्यावे.

पूर्ण कापड घेण्याआधी हातभर नमुना मागवावा. फरशीवर भिजवलेला टॉवेल पसरून त्यावर नमुना आणि त्याच्यावर टिश्यू पेपर ठेवावा व पाच मिनिटे एकाच गुडघ्यावर भार देऊन बसावे. नंतर तोच नमुना खडबडीत दगडावर घासून चाचणी पुन्हा करावी. पहिल्या वेळी कोरडा राहिलेला कागद दुसऱ्या वेळी ठिपक्याठिपक्यांनी ओला झाला, तर ते कापड तळासाठी घेऊ नये.

शेवटी वजनाचा हिशेब करावा. २.२ मीटर लांब व ०.८ मीटर रुंद तळाला ४५ ग्रॅमचे कापड लावले तर सुमारे ८० ग्रॅम होतात, ६० ग्रॅमचे लावले तर सुमारे १०५. एवढ्याशा फरकासाठी कमकुवत कापड घेणे मला पटत नाही. कडा दहा-पंधरा सेंटीमीटर वर उचलण्यासाठी माप वाढवून घ्यावे व तळ शक्यतो एकाच तुकड्यात कापावा, म्हणजे शिवणी कडांच्या कोपऱ्यांतच येतील आणि अंगाखाली एकही राहणार नाही. तळ सुटा असेल, तर तो छताच्या कडेबाहेर जाणार नाही एवढाच ठेवावा, अन्यथा छतावरून निथळणारे पाणी थेट त्यावर साचते.