ग्राफिक्स कार्ड बदलायचं की थांबायचं? आधी फॅनचा आवाज ठरवा, मग एफपीएस मोजा

मी रात्री अकरानंतर खेळतो, टू बीएचके फ्लॅट, बाजूच्या खोलीत आई झोपते. फोर-के मॉनिटर घेतल्यावर दुसऱ्याच रात्री आई आतून म्हणाली, "अरे किचनमधला एक्झॉस्ट चालू राहिलाय का बघ." एक्झॉस्ट बंदच होता, आवाज माझ्या आरटीएक्स ३०७० या ग्राफिक्स कार्डाचा होता. त्याच रात्री मी नवीन कार्डांच्या किमती बघायला लागलो आणि नशिबानं खिशात तेवढे पैसे नव्हते, कारण त्यानंतर ते कार्ड मी आणखी दोन वर्षं वापरलं, शांतपणे. मग बदललं, पण आवाजासाठी नाही बदललं, कारण वेगळंच होतं, ते खाली सांगतो.

तर हे सगळं कोणत्या क्रमानं करायचं ते लिहितोय. लोक उलटं करतात, आधी कार्ड आणतात, मग ते पण आवाज करतं म्हणून चिडतात.

आधी एक हिशोब डोक्यात ठेवा. १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, आणि फोर-के म्हणजे ८२.९ लाख. म्हणजे मॉनिटर बदलला की त्याच कार्डावर चौपट काम पडतं. जे कार्ड काल निम्म्या ताकदीत निवांत चालत होतं ते आज सतत पूर्ण वॉट खेचतं, आणि वॉट म्हणजे उष्णता, उष्णता म्हणजे फॅन. कार्ड बिघडलेलं नसतं, त्याला फक्त आराम मिळत नाही.

पायरी १: तुम्हाला किती आवाज चालतो ते शोधा

हे कुणीच करत नाही आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. रात्री, सीलिंग फॅन बंद करून, नेहमीच्या खुर्चीत बसा. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर उघडा (कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं), फॅनचं ऑटो काढा आणि ३० टक्क्यांपासून पाच-पाच टक्के वाढवत जा. प्रत्येक वेळी मिनिटभर ऐका. एक जागा अशी येते जिथे आवाज "आहे पण लक्षात येत नाही" वरून "च्यायला" वर जातो. तिथला आरपीएम (फॅनचे मिनिटाला फेरे) कागदावर लिहा. माझा आकडा १३५० निघाला, तुमचा वेगळा येईल, कारण कूलर वेगळा, टेबल वेगळं, कान वेगळे. मोबाईलमधल्या डेसिबल ॲपवर फार विश्वास ठेवू नका, आधी किती आणि नंतर किती एवढं ताडून बघायला ठीक आहे.

आरपीएम थोडा कमी केला तरी कानाला बराच फरक पडतो हे लक्षात घ्या. फॅनच्या आवाजाचं गणित सरळ रेषेत जात नाही, २००० वरून १५०० वर आणलात तर साधारण ६ डेसिबल कमी होतात. म्हणून थोडी उष्णता वाचवली तरी कानाला ती भरपूर वाटते.

आणि हो, आपल्याकडे ऋतूचा एक घोळ आहे. मेमध्ये सीलिंग फॅन पाचवर असतो, त्यात कार्डाचा आवाज बुडून जातो, पण खोलीच ३५-३६ वर असते. डिसेंबरात खोली थंड, पण फॅन बंद, त्यामुळे सगळं ऐकू येतं. म्हणून एका महिन्यात मोजून कायमचा निर्णय घेऊ नका. यूट्यूबवरचे बरेच रिव्ह्यू एसी लावलेल्या किंवा मुळातच थंड देशातल्या खोलीत होतात, खोली २२ ची असेल तर तिथे ६५ दाखवणारं कार्ड तुमच्या ३५ च्या खोलीत त्याच फॅनवर ७८ च्या आसपास जाणार. नागपूर-चंद्रपूरच्या मंडळींनी अजून वाढवून धरा.

पायरी २: आवाज नक्की कुणाचा?

कार्डाचा फॅन हातानं कमी करून खेळताना आवाज तसाच राहिला तर गुन्हेगार दुसराच आहे. एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) फॅन, सीपीयूचा स्वस्त कूलर, कॅबिनेटबरोबर आलेले लायटिंगवाले फॅन. आणि चिर्रर्र असा बारीक, किड्यासारखा आवाज येत असेल तर तो कॉईल व्हाईन, म्हणजे कार्डावरच्या कॉईल्स थरथरतात. तो फॅननं जात नाही, एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) जितके जास्त तितका वाढतो, गेमच्या मेनूमध्ये सहाशे-सातशे एफपीएस चालू असतात तेव्हा सगळ्यात जास्त. एफपीएसला मर्यादा घातली की बऱ्याचदा निम्मा होतो. नवीन कार्डाला कॉईल व्हाईन नसेल याची गॅरंटी कुणीच देत नाही, त्यामुळे फक्त एवढ्यासाठी अपग्रेड म्हणजे जुगार.

पायरी ३: कॅबिनेटचं झाकण काढून बघा

फुकटातली टेस्ट. अर्धा तास गेम खेळा, टेंपरेचर लिहा. मग बाजूची काच काढा आणि परत अर्धा तास. सात-आठ डिग्री उतरले तर कार्ड निर्दोष आहे, कॅबिनेट गुदमरतंय. पुढून पूर्ण काच असलेली कॅबिनेटं दुकानात भारी दिसतात, आत हवा मात्र कुठून जाणार देव जाणे. पुढे जाळी असलेलं साधं कॅबिनेट आणि हळू फिरणारे दोन १४० मिलिमीटरचे फॅन, हा खर्च कार्डाच्या पुढे काहीच नाही.

धूळ पण बघा. आपल्याकडे रस्त्याकडेच्या फ्लॅटमध्ये तीन-चार महिन्यांत हीटसिंकवर (चिपची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) गोधडी तयार होते. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटानं धरून ठेवा, मोकळी गरगर फिरू देऊ नका. कार्ड तीन-चार वर्षं जुनं असेल आणि हॉटस्पॉटचं (चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचं) टेंपरेचर साध्या टेंपरेचरपेक्षा २५-३० नं जास्त दिसत असेल तर चिप आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाळलीय. वॉरंटी संपली असेल तर पेस्ट आणि मेमरीवरचे थर्मल पॅड बदलून घ्या, वॉरंटीत असेल तर आधी कंपनीला विचारा, उगाच स्क्रू खोलू नका. मी एकदा ओळखीच्या माणसाकडून पेस्ट बदलून घेतली आणि त्यानं पॅड चुकीच्या जाडीचे टाकले, कोर थंड आणि मेमरी भाजतेय अशी अवस्था. मापं आधी शोधा.

पायरी ४: एफपीएसला लगाम

साधी गोष्ट आहे. मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे म्हणून १४४ हवेतच असं नाही. गेमपॅडवर खेळायचे स्टोरीवाले गेम ६० किंवा ७२ वर लॉक करा. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये मॅक्स फ्रेम रेट आहे, एएमडीमध्ये पण तशी सोय आहे. जी-सिंक किंवा फ्रीसिंक (मॉनिटर कार्डाच्या वेगाशी जुळवून घेतो ती सोय) चालू ठेवलं की ७२ सुद्धा गुळगुळीत दिसतात. कार्डाला दर सेकंदाला थोडी विश्रांती मिळते आणि फॅन आपोआप उतरतो.

पायरी ५: अंडरव्होल्ट

अंडरव्होल्ट म्हणजे चिपला नेहमीपेक्षा कमी व्होल्टेज देणं. खरी जादू इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा. चिपची पॉवर ढोबळमानानं व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबात वाढते. कंपनी प्रत्येक चिपला, अगदी त्यातल्या मठ्ठ चिपला पण, चालेल एवढं जास्त व्होल्टेज देऊन पाठवते. १.०५ व्होल्टवर चालणारं कार्ड त्याच क्लॉकला (चिपच्या वेगाला) ०.९ वर चाललं तर जवळजवळ पाव भाग पॉवर वाचते, आणि एफपीएस जेमतेम दोन-पाच टक्के पडतात, कधी पडतही नाहीत.

आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबा, व्होल्टेजचा ग्राफ उघडतो. कोअर क्लॉकचा स्लायडर आधी अडीचशे-तीनशेनं खाली आणा, अप्लाय. मग ९०० मिलीव्होल्टचा ठिपका उचलून ३०७० सारख्या कार्डाला १८०० मेगाहर्ट्झवर ठेवा, अप्लाय. त्याच्या उजवीकडची रेष सपाट होते, म्हणजे कार्ड ९०० च्या वर जाणारच नाही. तास-दोन तास खरा गेम खेळा, बेंचमार्कवर भागवू नका. गेम बंद पडला तर क्लॉक ३० नं खाली. घाबरायचं कारण नाही, व्होल्टेज कमी करून कार्ड जळत नाही, फार तर क्रॅश होतं, रीस्टार्ट करा आणि पुन्हा बघा. एवढी खटपट नको असेल तर पॉवर लिमिट ८० टक्के करून सोडून द्या, फायदा थोडा कमी पण मिळतोच.

माझं कार्ड २२० वॉटवरून १६५ च्या आसपास आलं. आईला नंतर कधी एक्झॉस्ट ऐकू आला नाही.

लाईट बिलासाठी कुणी हे करत असेल तर सांगून ठेवतो, १२० वॉट वाचले आणि रोज तीन तास खेळलात तरी महिन्याला ११ युनिटसुद्धा होत नाहीत. फरक बिलात नाही पडत, खोलीत पडतो. ३२० वॉटचं कार्ड म्हणजे बंद खोलीत १०० चे तीन पिवळे बल्ब, वर एक छोटा.

पायरी ६: आता तुमचा शांत एफपीएस काढा

पायरी १ मधला आरपीएम फॅनला फिक्स करा, अंडरव्होल्ट ठेवा, टेंपरेचर ८० च्या खाली राहिलं पाहिजे, नाही राहिलं तर पॉवर लिमिट अजून उतरवा. अपस्केलिंग (कमी पिक्सेलचं चित्र बनवून मोठं करणं) क्वालिटीवर ठेवा. फोर-केला डीएलएसएस (एनव्हिडियाचं अपस्केलिंग) क्वालिटी म्हणजे आतून १४४०पी चालतं, परफॉर्मन्स म्हणजे १०८०पी. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या डीएलएसएस ४ चं नवं अपस्केलिंग जुन्या आरटीएक्स कार्डांवरही चालतं, त्यामुळे परफॉर्मन्स मोड बघून मगच नाक मुरडा. आता तुम्ही खरंच खेळता ते तीन गेम चालवा आणि एफपीएस लिहा.

हा आकडा म्हणजे तुमच्या कार्डाची खरी ताकद. बॉक्सवरची, रिव्ह्यूमधली विसरा. तुम्हाला ६० हवेत आणि शांतपणे ५५ मिळतायत तर दोन सेटिंग खाली करा, शॅडो आणि रिफ्लेक्शन, आणि झोपा निवांत. ३५ मिळतायत तर हो, कार्ड कमी पडतंय. मधल्या आकड्यांवर मी तरी थांबेन.

एक खात्री करा, रिझोल्यूशन १०८०पी करून बघा. एफपीएस वाढलेच नाहीत तर अडवणूक सीपीयूची आहे, नवीन कार्ड आणून हाती काही लागणार नाही.

कुठल्या गोष्टी यातल्या कशानंच सुटत नाहीत?

पहिली, कार्डावरची मेमरी. ८ जीबी भरली की टेक्स्चर चिखलासारखी दिसतात किंवा गेम मध्येच अडखळतो, सरासरी एफपीएस चांगले असून सुद्धा. अंडरव्होल्टनं मेमरी वाढत नाही. मी कार्ड बदललं ते यासाठी. फोर-केला खेळायचं असेल तर आता १६ च्या खाली नवीन कार्ड घेऊ नका असं माझं मत आहे, कुणाला पटो न पटो.

दुसरी, काही नवे गेम हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढायची कार्डातली सोय) सुरूच होत नाहीत, इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल किंवा डूम द डार्क एजेस बघा. जुनं जीटीएक्स १०८० टीआय कार्ड कितीही लाडकं असलं तरी तिथे हात टेकतं. शिवाय जीटीएक्स १० सिरीजचे नवे गेम रेडी ड्रायव्हर एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५ ला थांबवले, आता फक्त सिक्युरिटी अपडेट.

घ्यायचंच ठरलं तर

आधी वॉट बघा, मग एफपीएस. शांत खोलीसाठी जास्त ताकदवान नको, तितक्याच वॉटमध्ये जास्त काम करणारं हवं. उदाहरण म्हणजे ३०८० हे ३२० वॉटचं कार्ड, ४०७० साधारण तेवढंच काम २०० वॉटमध्ये करतं. मी ३०७० वरून आरएक्स ९०७० वर गेलो, दोन्ही २२० वॉट, मेमरी मात्र ८ ची १६ झाली, आणि एसएमपीएस बदलायला लागला नाही. ५०९० चे ५७५ वॉट वाचून ज्यांना आनंद होतो त्यांनी हा लेख एवढा वेळ का वाचला कळत नाही.

मग कूलर. एकाच चिपची पाच मॉडेल्स असतात, त्यातलं जाड, मोठं, तीन फॅनवालं घ्या, दोन फॅनवालं छोटं स्वस्त पडतं आणि किंचाळतं. कार्डावर सायलेंट बायॉसचं (फॅन हळू ठेवणाऱ्या सेटिंगचं) बटण आहे का, गेम नसताना फॅन थांबतो का, हे स्पेकमध्ये बघा. कॅबिनेटची लांबी टेपनं मोजा, बॉक्सवरच्या आकड्यावर विसंबू नका, पुढच्या फॅनची जाडी त्यातून वजा होते.

किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो का ते विचारा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला तोंडी भाव सांगतात तो बऱ्याचदा बिलाशिवायचा, आणि बिल नाही तर वॉरंटीला कुठे जाणार? जुनं कार्ड विकणार असाल तर नवीन सिरीज जाहीर व्हायच्या आधी विका, जाहीर झाली की दुसऱ्या दिवसापासून सगळे विकायला बसतात. विकताना अंडरव्होल्टच्या सेटिंगचा स्क्रीनशॉट घेणाऱ्याला पाठवून द्या, माझं ३०७० ज्या पोरानं नेलं त्याची आई पण बाजूच्याच खोलीत झोपते म्हणे.