नुसत्या हार्डनेसवर ब्लेंड पास करू नका

हार्डनेस टेस्टरवर (गोळी फुटायला लागणारं बल मोजणारं यंत्र) ८० न्यूटन दिसले, तरी ब्लेंड, म्हणजे औषधी गोळ्यांसाठी मिसळलेली पावडर, चांगलं दाबलं जातं असं ठरत नाही. पंचाचा (पावडर दाबणाऱ्या दांड्याचा) व्यास किंवा गोळीची जाडी बदलली की त्याच ८० चा अर्थ बदलतो.

चाचणीसाठी ८ मिमीचे सपाट पंच घ्या, म्हणजे हिशोब सोपा राहतो. प्रत्येक गोळीला २०० मिग्रॅ पावडर वजन करून डायमध्ये (पंच ज्यात उतरतो त्या साच्यात) भरा. ५, १०, १५ आणि २० किलोन्यूटनवर दहा-दहा गोळ्या काढा. पंचाचं क्षेत्रफळ ५०.३ चौरस मिमी, म्हणून १० किलोन्यूटन म्हणजे साधारण १९९ मेगापास्कल. गोळ्या बंद बरणीत २४ तास ठेवा, त्या थोड्या फुगतात. मगच वजन, जाडी आणि हार्डनेस घ्या.

जाडी ३ मिमी भरली तर घनता १.३३ ग्रॅम प्रति घन सेंमी. पावडरीची खरी घनता हेलियम पिक्नोमीटरवर १.५६ आली असेल, तर घन अंश, म्हणजे दोन्ही घनतांचा भागाकार, ०.८५. ताणशक्तीसाठी हार्डनेसची दुप्पट करून पाय (π), व्यास आणि जाडी यांच्या गुणाकाराने भागा. वरच्या ८० न्यूटनचे २.१ मेगापास्कल होतात. साध्या गोळीला दोनच्या आसपास पुरेत.

आता हेकेलचा आलेख, म्हणजे दाबासोबत गोळी किती घट्ट होते त्याचा. एकमधून घन अंश वजा करा, उरेल त्याच्या व्यस्ताचा नैसर्गिक लॉग उभ्या अक्षावर आणि दाब आडव्यावर. सुरुवातीचा वाक कणांच्या सरकण्याचा असतो, तो सोडून सरळ भागाचाच उतार घ्या. उताराचा व्यस्त म्हणजे यील्ड प्रेशर, कण कायमचे दबू लागतात तो दाब. मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज या भरण पावडरीचं ते कमी असतं, कारण ते दबून आकार बदलतं. डायकॅल्शियम फॉस्फेट ही दुसरी भरण पावडर फुटते, त्याचं बरंच जास्त. चार बिंदूंवर रेषा ओढता येते, पण भरवसा ठेवायला सात-आठ हवेत.

हीच चाचणी मिक्सिंगची वेळ बदलून पुन्हा करा. मॅग्नेशियम स्टिअरेट (पावडर चिकटू नये म्हणून घालतात ते) जास्त वेळ फिरलं की सेल्युलोजच्या कणांवर त्याचा थर बसतो आणि गोळी ढिली पडते. फॉस्फेटला तेवढा फरक पडत नाही, फुटताना नवे पृष्ठभाग उघडतात.

गोळीचा वरचा थर टोपीसारखा उडत असेल (कॅपिंग) तर दाब वाढवू नका, त्याने बहुतेकदा कॅपिंग वाढतं. आधी मशीनचा वेग कमी करून पाहा. त्याने थांबलं, तर अडकलेली हवा किंवा दाब सुटल्यावर गोळीचं उसळणं हे कारण. प्री-कम्प्रेशन (मुख्य दाबाआधीचा हलका दाब) वाढवा, बारीक चुरा कमी करा.

नवी मुंबईच्या रबाळे, महापे पट्ट्यात जुलैत ब्लेंडचा डबा उघडा राहिला तर पावडर ओल धरते आणि पंचाला चिकटते. उलट ग्रॅन्युल्स (पावडरीचे बांधलेले दाणे) जास्त सुकवले तरी कॅपिंग होतं. म्हणून प्रत्येक आलेखाच्या कोपऱ्यात त्या दिवसाची एलओडी (सुकवल्यावर घटणारं वजन, म्हणजे पावडरीतली ओल) आणि खोलीची आर्द्रता लिहा. त्याशिवाय मे आणि जुलैचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत.