पोळा ते दिवाळी: हौदाखालचा चिखल आधी उपसा

पाऊस उघडला, वारा पडला आणि शेतातल्या आखाड्यावरच्या (गोठ्यावरच्या) बल्बभोवती चिलटांचे ढग जमले की गावोगावहून एकच फोन येतो: तळ्यात कोणतं औषध मारू? भावांनो, तळ्यात काही मारू नका. हौदाखालचा चिखल उपसा, आणि तो आजच उपसा.

तळ्यावरचे ढग बहुतेक न चावणाऱ्या चिलटांचे असतात. मादी पाण्यात जेलीसारख्या पुंजक्यात अंडी घालते. अळी तळाच्या गाळात राहते. अंगात हिमोग्लोबिन असल्याने ती लालभडक दिसते आणि प्राणवायू कमी असलेल्या गाळातही तगून राहते. कोष वर तरंगत येतो, त्यातून चिलट उडतं आणि जेमतेम काही दिवस जगतं. संध्याकाळी थव्याने घुमतात ते नर. नाथसागराचं, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचं, पाणी सुमारे 350 चौरस किलोमीटर पसरलंय, पण बराचसा भाग उथळ. असा गाळ लवकर तापतो आणि पिढ्या भराभर निघतात. थंडीत त्याच अळ्या सावकाश वाढतात. मासे आणि चिखलात चोच मारणारे पक्षी त्यांच्यावर जगतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड (डेल्टामेथ्रिनसारखं कीटकनाशक) पाण्यात ओतलंत तर आधी मासेच उलटे होऊन वर येतील.

जनावर मारतं ते मुरकूट. एक ते तीन मिलिमीटरचं, साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आत शिरणारं. मादी रक्त पिते आणि अंडी घालते शेणमुताने भिजलेल्या चिखलात: गळक्या हौदाखाली, गोठ्याच्या मोरीजवळ, पाझर तलावाच्या काठी गुरांच्या खुरांनी पडलेल्या खळग्यांत. आपल्याकडच्या उबेत अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून आठवड्याला एकदा चिखल उपसून उन्हात पातळ पसरला, तर अळी कोषात जायच्या आधीच वाळून मरते. दोन आठवडे चुकलात की सगळं हातचं गेलं.

खरं वाटत नसेल तर वाटीभर चिखल बादलीत घ्या. मीठ विरघळायचं थांबेल इतकं खारट पाणी त्यावर ओता, ढवळा, दहा मिनिटं थांबा. पांढरट दोऱ्याचे तुकडे सापासारखे वळवळत वर येतील. मी हे ज्याच्या दावणीत करून दाखवलं, त्याने त्याच दिवशी फावडं हातात घेतलं.

मुरकूट चावल्यातून मेंढ्यांना नीलजिव्हा होतो आणि गाई-बैलांना तिवा, म्हणजे तीन दिवसांचा ताप. मेंढीला ताप, नाकाला खपल्या, सुजलेलं तोंड, लाळ, खुरांच्या वर लाली आणि लंगडणं दिसलं की बरेच जण लाळ्या-खुरकूत समजून बसतात. शेळ्या वरून ठणठणीत दिसतात, पण त्यांच्या रक्तात विषाणू असू शकतो. एका धनगर भावाने तळ्याकाठी ओलीत वाघूर (मेंढ्या कोंडायची जाळी) लावली होती. नुसतं माळावर सरकायचं होतं, ते राहिलं आणि निम्मा कळप गेला. तो माळ मला आजही डोळ्यांपुढे दिसतो.

आठवड्याची कामं:
- हौदाची गळती बंद, भोवती मुरूम
- मोरी वाहती, उकिरडा प्लॅस्टिकने झाकलेला
- वाघूर उंच, वाऱ्याच्या माळावर
- दिवस मावळायच्या आत जनावरं आत. पहाटे ऊन येईपर्यंत काठावर नेऊ नये
- गोठ्यात पंखा. मुरकूट वाऱ्यात टिकत नाही
- दिवा दारापासून लांब

जनावराच्या अंगावर फवारायचं तर आधी करंज तेल 10 मिली, निम तेल 10 मिली, निलगिरी तेल 10 मिली आणि अंगाचा साबण 2 ग्रॅम, 1 लिटर पाण्यात. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांना विचारून डेल्टामेथ्रिन 1.25 टक्के, 1 लिटरला 2 मिली. तोंड, डोळे, गव्हाण आणि पिण्याचं पाणी सांभाळून. दुकानदार निळ्या दिव्याचा सापळा आणि महागडी बाटली पुढे करेल. खाली चिखल तसाच ठेवून ते घेणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. तेच पैसे मुरमाला घाला.

नीलजिव्हाच्या लशीत आपल्याकडचे पाच प्रकार आहेत: 1, 2, 10, 16 आणि 23. ती पावसाळ्याआधी टोचायची असते. राहिली असेल तर डॉक्टरांना आज विचारा, जनावरांच्या उपचारासाठीच्या 1962 या मदत क्रमांकावर फोन करा.

तिव्यात बसलेल्या बैलाला नळीने काढा पाजू नका. त्याला गिळता येत नसतं. काढा फुप्फुसात उतरतो आणि तीन दिवसांत उठणारा बैल त्यानेच जातो.

माझा एक अनुभव, पुस्तकात नसलेला: ज्या संध्याकाळी बल्बवर तळ्याची चिलटं थरावर थर बसतात आणि पिंपळाचं पानही हलत नाही, त्याच संध्याकाळी मुरकुटंही जोरात असतात. त्या दिवशी तासभर आधीच जनावरं आत घ्या, निंबाच्या पाल्याचा धूर करा.

आणि पोळ्याला बैल धुवायला तळ्यावर न्याल ते भर दुपारी. दिवेलागणीपर्यंत काठावर थांबू नका.