मुंबई ते लंडन: विमानाचं अंतर आणि वेळ घरबसल्या कशी काढायची

लेकीकडे लंडनला निघालेल्या आईबाबांना तिकीट बघून हमखास प्रश्न पडतो. दुपारी 1 ला निघायचं आणि संध्याकाळी साडेसहाला पोचायचं? साडेपाच तासांत लंडन? कोडं सोडवायला माळ्यावरचा पृथ्वीगोल काढा आणि शिवणाचा दोरा घ्या.

1. दोरा ताणा. एक टोक मुंबईवर, दुसरं लंडनवर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काही कळणार नाही, तिथे गोल पृथ्वी ओढूनताणून सपाट केलेली असते. गोलावर मात्र ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळचा मार्ग धरतो. तो बलुचिस्तान, पूर्व इराण असा वर चढतो. जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या आसपास निम्मी वाट संपते, पुढे काळा समुद्र आणि युक्रेन.

2. अंश मोजा. तोच दोरा आता विषुववृत्तावर ठेवा. साधारण 65 अंश भरतील. एका अंशाला 111 किमी, म्हणजे 7,215 किमी. अक्षांश-रेखांशांवरून काटेकोर गणित केलं तरी 7,210 च्या आसपासच येतं. दोऱ्याने इतकं जमलं की पुरे!

3. वेगाने भागा. मोठं प्रवासी विमान ताशी 900 किमीच्या आसपास उडतं. झाले 8 तास. धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं, उतरणं यांची 40 मिनिटं मिळवा.

4. वारा आणि वळसा धरा. गणित चुकतं ते इथे. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. लंडनला जाताना ते तोंडावर येतात. समोरून ताशी 100 किमीचा वारा असेल, तर जमिनीवरून मोजलेला वेग 800 च राहतो आणि 8 चे 9 तास होतात. त्यात दोऱ्याखालचं सगळं आकाश मोकळं नसतं. युक्रेनचं फेब्रुवारी 2022 मध्ये प्रवासी विमानांना बंद झालं, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपल्यावरून जायला मनाई केली. वळसा आला की वेळ वाढलीच. म्हणून जाताना 10 तास धरावेत.

5. घड्याळं जुळवा. तिकिटावर निघायची वेळ मुंबईची असते, पोचायची लंडनची. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, एरवी साडेपाच. उन्हाळ्यातलं तिकीट असेल तर साडेपाच अधिक साडेचार, बरोबर 10 तास.

परतीला उलट करा. रात्री 9 ला निघून सकाळी साडेदहाला मुंबई, हे दिसायला साडेतेरा तास. त्यातून साडेचार वजा केले की उरतात 9. तोंडावरचा वारा आता पाठीवर आलेला असतो.

आणि लेकीला घ्यायला बोलावताना साडेसहा सांगू नका. पासपोर्टची रांग आणि बॅगा धरून आठ सांगा.